टप की डिकी?

अहो शुभावहिनी, चादरी नंतर वाळत घाला, ऊन कुठे पळून जात नाही. म्हणजे जाईलही, मिल्टन कीन्सचंच ऊन ते. पण आधी मला सांगा, सुधीररावांच्या डोक्यात ही एमएक्स-५ भरवली कुणी? आमच्या मिलिंदनं ना? वाटलंच. परवा दोघं दार अर्धं ओढून घेऊन आत कुजबुजत होते. मला वाटलं, गणपतीच्या वर्गणीचा काही घोळ आहे.

आणि निनाद म्हणतो, बाबा, हॉट हॅच घ्या. म्हणजे घरात दोन पार्ट्या आणि निकाल तुमच्या गळ्यात. योग्य कुंपणाशी आलात बघा. आमच्या दारात दोन्ही उभ्या आहेत, मिलिंदची एमएक्स-५ आणि माझी फिएस्टा एसटी. शिवाय दोन्हींच्या विम्याचे हप्ते माझ्याच खात्यातून जातात, त्यामुळे बोलायचा अधिकार पक्का.

ही एमएक्स-५ म्हणजे रोडस्टर. दोन सीटा, वर कापडी टप, इंजिन पुढे आणि जोर मागच्या चाकांवर. हॉट हॅच म्हणजे आपली नेहमीची शाळा-बाजाराची गाडी, पण पोटात दांडगं इंजिन आणि जोर पुढच्या चाकांवर. पहिलीत बसलं की शेजारी-पाजारी बघतात, दुसरीत बसलं की कुणाला पत्ता लागत नाही. मला दुसरंच बरं वाटतं. मिलिंदचं आणि सुधीररावांचं तसं नाही, ते तुम्हालाही माहीत आहे.

बाकी ही रोडस्टरची हौस मूळची इथलीच हं. एमजी, ट्रायम्फ, लोटस एलान... समोरच्या आजोबांना एकदा विचारून बघा, डोळ्यांत पाणी येतं. त्या गाड्यांतून तेल गळायचं आणि टपातून पाऊस, पण ते आठवणीत राहत नाही. एमजीबी १९८० साली बंद झाली आणि ती मांडणी मोडीत निघाल्यासारखी झाली. मग १९८९ साली शिकागोच्या प्रदर्शनात माझदानं तीच मांडणी परत आणली, फक्त रोज सकाळी मुकाट्यानं चालू होणारी. आणि गंमत ऐका. त्याच साली लोटसनंही एलानचं नाव पुन्हा काढलं आणि नवी रोडस्टर आणली, पण जोर दिला पुढच्या चाकांवर! रस्त्यावर चिकटून पळायची म्हणतात, वाईट नव्हती मुळीच. पण महाग, आणि लोकांना हवी होती ती जुनी एलान तर जपान्यांनी करून ठेवलेली. माझदानं पुढे २०१६ साली दहा लाखावी एमएक्स-५ काढली. लोटसवाल्यांनी चार-पाच हजारांच्या आसपास एलान विकल्या आणि आटोपलं.

माझ्या आईला सांगलीला फोन करून सांगितलं, मिलिंदनं माझदा घेतली, तर ती म्हणते, अगं टेम्पो कशाला घेतला? तिच्यासाठी माझदा म्हणजे स्वराज माझदा.

आता सुधीरराव तुम्हाला सांगतील, मागच्या चाकांवर जोर असला की मजाच वेगळी. अर्धं खरं आहे. अहो, आपल्या लहानपणीच्या ॲम्बॅसडर आणि पद्मिनी दोन्ही मागच्या चाकांवरच्याच होत्या. आली कधी मजा? पद्मिनीचा तो स्टिअरिंगजवळचा गिअर टाकताना माझ्या बाबांचा चेहरा मला अजून दिसतो. पुढच्या चाकांची गाडी आपल्याकडे घरोघर नेली ती मारुती ८००नं, १९८३ पासून, आणि सगळ्यांना ती पद्मिनीपेक्षा चपळच वाटली. तेव्हा नुसत्या मागच्या चाकांनी काही होत नाही.

कारण विचाराल तर असं. पुढच्या दोन टायरांनाच वळायचंही काम आणि ओढायचंही काम दिलं, की जोर वाढला तसे ते कावतात. पाय जोरात दाबला की स्टिअरिंग हातातल्या हातात इकडेतिकडे ओढ घेतं. मागच्या चाकांच्या गाडीत पुढच्या टायरांना फक्त वळायचं असतं, म्हणून स्टिअरिंग मोकळं, स्वच्छ वाटतं. शिवाय वेग घेताना गाडीचं वजन मागे सरकतं, तिथल्याच चाकांची पकड वाढते. पण एमएक्स-५ची खरी मजा वजनात आहे हो. पहिली तर टनभरसुद्धा नव्हती, हॉर्सपॉवर ११५च्या आसपास. आताचीही टनाच्या जवळपासच. आणि आपण बसतो जवळजवळ मागच्या चाकांच्या पुढ्यातच, त्यामुळे मागचं टायर जरा घसरलं की डोक्याच्या आधी कमरेला कळतं. आपल्या गावातल्या एच-६ रस्त्यावर एकामागून एक राउंडअबाउट लागतात ना, तिथे ती गाडी ३० मैलांच्या वेगालाही नाचल्यासारखी वाटते. मी मिलिंदसमोर हे कबूल करत नाही, तुम्हीही करू नका.

पण निनादचंही ऐका. पुढची चाकं म्हणजे मिळमिळीत, असं म्हणणाऱ्याला प्यूजो २०५ जीटीआयमध्ये बसवावं. १९८४ची गाडी. वळणाच्या मधोमध घाबरून ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला की मागची बाजू पुढे यायला बघायची. कित्येक जण त्यात उलटे तोंड करून शेतात गेले म्हणतात. माझी फिएस्टा तेवढी वाह्यात नाही, पण वळणात जोरात टाकली तर आतल्या बाजूचं मागचं चाक अलगद उचलते, कुत्र्यानं खांबापाशी उचलावा तसा पाय. तीन सिलिंडर, दीड लिटर, २०० हॉर्सपॉवर, आणि पुढच्या चाकांत लिमिटेड स्लिप डिफरन्शियल. ते जास्तीचे पैसे देऊन घ्यावं लागायचं. जुनी बघायला गेलात तर ते आहे की नाही हे आधी विचारा. ते असलं की वळणातून बाहेर पडताना आतलं चाक नुसतं गरगरत नाही, जोर बाहेरच्या चाकाला मिळतो आणि गाडी वळणात आत खेचली जाते. पावसात तर इंजिनचं सगळं वजन ओढणाऱ्या चाकांवरच, म्हणजे दुधात साखर. आणि पाऊस काय इथे, सांगायला नको.

आता तांदळाचं बोलू. एमएक्स-५ची डिकी १३० लिटर. आकड्यावर जाऊ नका, दहा किलोची तांदळाची पिशवी मिलिंदनं शेजारच्या सीटवर बसवून तिला पट्टा लावून आणली होती. पट्टा लावला नाही तर गाडी टिंग टिंग करत राहते म्हणे. माझ्या सासूबाई हीथ्रोला उतरल्या, दोन बॅगा २३-२३ किलोंच्या आणि वर लोणच्याची बरणी. कोणती गाडी न्यायची यावर चर्चासुद्धा झाली नाही. मोटरवेवर ७०च्या वेगाला कापडी टपाखाली बोलायचं तर ओरडावं लागतं, त्यामुळे लांबच्या प्रवासात नवराबायकोचं भांडण होत नाही हा एक फायदा धरा.

आणि थंडीत टप उघडून हीटर पायांवर सोडून जाण्यात जे सुख आहे ना, ते हॉट हॅचमध्ये नाही. ते मी मान्य करते. बसल्या जागेवरून एका हातानं टप मागे टाकता येतो. रस्त्याकडेला कापलेल्या गवताचा वास येतो, पक्षी ऐकू येतात. फिएस्टामध्ये मला टर्बो ऐकू येतो आणि मागच्या सीटवरून मुलीचा फोन.

माझा खरा राग आहे तो नव्या दांडग्या हॅचवर. गोल्फ जीटीआय १९७६ला विकायला आली तेव्हा ११० हॉर्सपॉवरची होती, वजन ८१० किलो, सीटांवर चौकड्यांचं कापड आणि गिअरच्या दांड्यावर गोल्फचा चेंडू. कंपनीला वाटलं होतं ५,००० खपतील, पहिल्या पिढीतच साडेचार लाखांच्या वर गेल्या. आता होंडा सिव्हिक टाइप आर बघा, ३२९ हॉर्सपॉवर. पाच-साडेपाच सेकंदांत ६० मैलांचा वेग, आणि आपल्या दुपदरी रस्त्यांची मर्यादाच ६०. वेल्समध्ये तर सप्टेंबर २०२३ पासून वस्तीतल्या बहुतेक रस्त्यांवर २०. मग ती मजा करायची कुठे? तीन वर्षांत दंडाचे १२ पॉइंट झाले की लायसन्स जातं. गाडी जागी व्हायच्या आधी पोलीस जागा होतो. रोजच्या मजेला हळू गाडी जोरात चालवता यायला हवी. या कसोटीला जुनी एमएक्स-५ आणि माझी फिएस्टा दोन्ही उतरतात, निनादनं त्या दिवशी मला मोबाइलवर दाखवलेली टाइप आर मात्र नाही. सांगा त्याला, काकू म्हणाल्या म्हणून.

मधला मार्ग? आहे ना. बीएमडब्ल्यूची वन सिरीज. हॅचबॅक, पण २०१९ पर्यंत जोर मागच्या चाकांवर. त्यातली एम१४०आय म्हणजे तीन लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन, ३४० हॉर्सपॉवर. बापलेकाचा समेट तिथे होईल, पण पेट्रोलचं बिल तुम्ही भरणार. आणि मागे मधोमध बोगदा वर आलेला, तिसऱ्यानं पाय कुठे ठेवायचे? पुन्हा तीही सध्या जुनीच मिळणार. फिएस्टाचंही तेच झालं, जुलै २०२३ मध्ये फोर्डनं ती बंदच केली. अशा छोट्या, सगळ्यांना परवडणाऱ्या चावट गाड्या एकेक करून जातायत, म्हणून मी माझी विकत नाही.

तुमच्याकडे कोरोला आहेच ना? मग तांदूळ आणि सासूबाई दोन्हींची सोय झालेली आहे. कोरोला विकून रोडस्टर घेतो म्हणाले तर ठाम नाही म्हणा. ती ठेवून जुनी एमएक्स-५ घेत असतील तर घेऊ द्या, निनादच्या हातात चावी आली की तो हॉट हॅचचं नावही काढणार नाही. फक्त गंज बघायचा. इंजिन या गाड्यांचं सहसा दगा देत नाही. अंग दगा देतं. टपाचं पाणी वाहून जायच्या नळ्या पानांनी तुंबतात, पाणी दाराखालच्या सिलमध्ये साचतं आणि मागच्या चाकाच्या पुढे आतून कुजायला लागतं. दुसऱ्या पिढीची असेल तर पुढच्या चासीचे दांडेही वाकून बघायचे.

सुधीररावांनी बघून ठेवलेल्या गाडीचा नंबर आहे का हो? द्या इकडे. सरकारी साइटवर एमओटीचा, म्हणजे वार्षिक तपासणीचा, सगळा इतिहास फुकट दिसतो. थांबा, उन्हात स्क्रीन दिसत नाही. हं... सिलला गंज, सूचना. पुढच्या वर्षी, सिलला गंज, सूचना. त्याच्या पुढच्या वर्षी, दोन्ही बाजूंना गंज. आणि गेल्या वर्षी काहीच नाही, नुसतं ‘खालच्या बाजूला नवीन लेप’. वहिनी, गंज आपणहून बरा होत नाही. कुणीतरी वरून काळं फासलंय. किती मागतोय म्हणालात? बापरे. सुधीररावांना संध्याकाळी चहाला इकडेच पाठवा, आणि तोवर त्यांनी ॲडव्हान्स दिला नसेल एवढं बघा. दिला? कधी? मिलिंदसमोर? मिलिंद! अरे मिलिंद, जरा बाहेर ये बघू!