चौदा गावांची दुप्पट लोकशाही

नोव्हेंबर 2024 च्या विधानसभा निवडणुकीत कुलाब्यातले निम्मे मतदारही घराबाहेर पडले नाहीत. एवढी पथनाट्यं, एवढे सेल्फी पॉइंट, भरपगारी सुट्टी, सगळं पाण्यात. आता कुलाबेकरांची मनधरणी पुरे. निवडणूक आयोगाने त्यांची अभ्यास सहल काढावी आणि थेट चंद्रपूर जिल्ह्यातल्या जिवती तालुक्यात न्यावी. तिथे तेलंगणाच्या हद्दीवर पहाडात चौदा गावं आहेत. परमडोली, मुकदमगुडा, लेंडीजाळा, महाराजगुडा वगैरे. या गावांतल्या अनेकांकडे मतदार ओळखपत्रं दोन. एक महाराष्ट्राचं, एक तेलंगणाचं. वर्षानुवर्षं इथली माणसं दोन्हीकडे मतदान करत आली आहेत. मतदानाचा टक्का शंभरावर कसा न्यावा, हे कोणाला शिकायचं असेल तर शाळा इथे आहे.

गावाचा कल कुणीकडे, हे मात्र विचारू नये. भल्याभल्या विश्लेषकांची इथे दांडी उडेल. लोकसभेला 19 एप्रिल 2024 रोजी गावाने चंद्रपूरसाठी मत दिलं, निवडून आली काँग्रेस. पुढे 13 मे रोजी आदिलाबादचं मतदान, निवडून आला भाजप. आमदारांचं म्हणाल तर आसिफाबादेत 2023 ला भारत राष्ट्र समिती आणि राजुऱ्यात 2024 ला पुन्हा भाजप. गावाने नेमकं कुणाला दिलं ते यंत्रालाच ठाऊक. पण गावाच्या वाट्याला आले दोन खासदार आणि दोन आमदार, तेही तीन पक्षांचे. एवढं वैविध्य आघाडी सरकारातसुद्धा मिळत नाही. लोकसभेत गाव सत्ताधारी बाकावरही बसतं आणि विरोधी बाकावरही. स्वतःच स्वतःच्या विरोधात घोषणा द्यायची सोय एवढ्या लहान गावाला झालेली दुसरीकडे कुठे ऐकिवात नाही.

19 एप्रिल ते 13 मे, मध्ये चोवीस दिवस. तेवढ्यात शाई फिकी पडते, नख थोडं वाढतं, गाव पुन्हा ताजंतवानं. पण 2019 ला आयोगाने घात केला. चंद्रपूर आणि आदिलाबाद, दोन्ही ठिकाणी मतदान 11 एप्रिललाच! डाव्या हाताची तर्जनी एकच, राज्यं दोन. आयोगाला एका माणसाचं वेळापत्रक जुळवता येऊ नये?

कायदा म्हणतो, एका माणसाचं नाव एकाच मतदारसंघात असावं. बरोबरच आहे. अधिकारीही मतदानाच्या तोंडावर पहाड चढून जातात आणि एकाच ठिकाणी मत द्या म्हणून समजावतात. पण हाच कायदा जरा राज्यांनाही समजावून सांगावा. एका गावाचं नाव दोन राज्यांत असावं का? 1997 साली या गावांच्या वादाचा निकाल महाराष्ट्राच्या बाजूने लागला. तेव्हाचा आंध्र काही हलला नाही, आणि 2014 ला तेलंगणा वेगळा झाला तेव्हा ही गावंही भावकीच्या वाटणीत भांडीकुंडी जावीत तशी त्याच्याकडे गेली. महाराष्ट्राने निकालाची प्रत जपून ठेवली. त्यामुळे गावात सरपंच दोन, शाळा दोन, एक मराठी आणि एक तेलुगू. रेशनचं धान्य दोन्हीकडचं. या सुबत्तेवर शहरातल्या माणसाने जळावं, अशी बातमी अधूनमधून येतेच. त्या बातमीत सातबारा नसतो. पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या जमिनीचा महाराष्ट्राचा सातबारा इथल्या कित्येकांना मिळालेला नाही. वनजमीन म्हणून सरकार हात वर करतं. म्हणजे मत द्यायला माणूस आमचा, जमीन द्यायच्या वेळी जंगल आमचं.

महाराजगुड्यात एक घर आहे, त्याच्या मधूनच हद्द जाते. स्वयंपाकघर तेलंगणात, निजायच्या खोल्या महाराष्ट्रात, घरपट्टी दोन्हीकडे. या घरात लाडकी बहीण भाकरी थापते ती परराज्यात आणि ताट घेऊन आली की पुन्हा स्वराज्यात. प्रचाराचे दिवस आले की आमच्या डोळ्यांपुढे एक चित्र येतं. एका पक्षाचा कार्यकर्ता पुढच्या दाराने आत येतो, दुसऱ्याचा मागच्या. ओसरीवर मराठीत पंधराशेचा हिशेब, चुलीपाशी तेलुगूत शेतकऱ्याच्या मदतीचा. घरातली म्हातारी दोघांनाही चहा देते. दूध कुठल्या राज्यातलं, असं दोघांपैकी कोणी विचारत नाही. निवडणूक संपली की दोन्ही दारं तशीच उघडी असतात, पण येणाऱ्यांची वाट चुकते.

जुलै 2025 मध्ये महाराष्ट्र सरकारने ही गावं पूर्णपणे आपल्यात सामावून घेणार असं जाहीर केलं. 1997 नंतर इतक्या तातडीने हालचाल झाली, याबद्दल अभिनंदन. पण मतदार याद्यांचं काय? एवीतेवी त्याच वर्षी राज्यात दुबार मतदारांवरून रान पेटलं होतं. मोर्चे निघाले, यादीत संशयित नावांपुढे दोन-दोन तारे लागले. त्या ताऱ्यांना राज्याबाहेरचं दिसत नाही, आणि इथलं दुसरं नाव तर पलीकडच्या राज्याच्या यादीत, तेलुगूत. तरी समजा आयोगाने मनावर घेतलं. दोन्हीकडचे दोन मतदान केंद्रस्तरीय अधिकारी (बीएलओ) त्या महाराजगुड्याच्या घरी एकाच वेळी पोचले, दोघांनी याद्या उघडल्या, दोघांनी त्याच माणसाच्या नावावर बोट ठेवलं. नाव दोनदा आहे, यावर दोघांचं एकमत. दुबार तेवढं समोरच्याच्या यादीतलं, यावरही दोघांचं एकमत.