टिचकीबहाद्दर

उन्हाळा लागला की हातगाड्यांभोवती एक जमात दिसू लागते. मान कलती, डोळे अर्धे मिटलेले आणि मधलं बोट कलिंगडावर. आमच्या सोसायटीतले अप्पा या जमातीचे म्होरके. एक कलिंगड घ्यायला ते निदान पंधरा वाजवतात. ‘तबल्यासारखं टणटणलं तर कच्चं, डग्ग्यासारखं घुमलं तर पिकलं,’ हा त्यांचा सिद्धान्त. सिद्धान्त बराचसा खरा आहे. अडचण एवढीच, की तबला कुठला आणि डग्गा कुठला हे अप्पांना ऐकून कळत नाही.

एकदा फळवाला म्हणाला, “अप्पा, मैफल आटोपली असेल तर बोहनी करू?” अप्पांना ते लागलं. जानेवारीत त्यांनी तळमजल्यामागच्या परसात आळी केली आणि ‘शुगर बेबी’चं बी टोचलं.

वेली पसरल्या. पिवळी फुलं आली आणि गळाली. अप्पांनी आधी कबुतरांवर संशय घेतला, मग तिसऱ्या मजल्यावर. शेवटी काकू म्हणाल्या, “अहो, ती नर फुलं. आधी तीच येतात. मादी फुलाच्या बुडाशी इवलंसं कलिंगड असतं, ते दिसलं की बोला.”

मादी फूल एकच दिवस उमलतं हे कळल्यावर अप्पा सकाळी सातला नातवाचा रंगाचा ब्रश घेऊन परसात हजर. नराचा पराग मादीवर टेकवताना ते गुणगुणायचेसुद्धा. मधमाश्यांनी त्यांना आपल्यातलं मानलं की नाही ठाऊक नाही, पण फळ धरलं.

मग टिचक्या सुरू झाल्या. चहाआधी एक फेरी, जेवणानंतर एक, झोपताना बॅटरी घेऊन एक. इस्त्रीवाला, वॉचमन, वीजमीटर बघायला आलेला मुलगा, सगळ्यांना वेलीपाशी उकिडवं बसवून कान लावायला लावलं. मी प्रत्येक वेळी गंभीरपणे ‘अजून थोडं’ म्हणत असे. कलिंगड आणि राजकारण या दोन्ही विषयांत हे उत्तर सहसा चुकत नाही.

फळ धरून बाविसावा दिवस होता. नेमके जावई आले. अप्पांनी टिचकी मारली, डोळे मिटले आणि जाहीर केलं, “डग्गा!”

कलिंगड कापलं. आत पांढरा रंग, त्यावर लाजल्यासारखी जराशी गुलाबी छटा. जावयांनी फोड चावून पाहिली आणि सभ्यपणे म्हणाले, “काकडी छान आहे.”

“चार दिवस अढीत घालायला हवं होतं,” अप्पा पुटपुटले. कलिंगड वेलीवरून उतरलं की आंब्यासारखं मागाहून गोड होत नाही, हे सांगायची ती वेळ नव्हती. फळ धरल्यापासून ते पिकायला साधारण 35 ते 40 दिवस लागतात, हेही कुणी बोललं नाही. काकूंनी सगळं कलिंगड किसून त्याची थालीपीठं लावली. जावयांनी चार खाल्ली.

पुढे दोन आठवड्यांनी काकू परसातून दुसरं कलिंगड घेऊन आल्या. पानांआड कुंपणाला लागून वाढलेलं. अप्पांना त्याचा पत्ताच नव्हता, म्हणून त्याला एकही टिचकी बसली नव्हती. काकूंनी त्याच्याखाली पेंढा सारला होता आणि शेवटचे आठ दिवस पाणी आखडतं घेतलं होतं. सुरी टेकताच ते आपणहून तडकलं. लालभडक आणि साखरेसारखं.

“पण तुम्हाला कळलं कसं?” मी विचारलं.

“जमिनीला टेकलेला भाग पांढऱ्याचा पिवळा झाला आणि देठाजवळची बाळी वाळली,” काकू म्हणाल्या. “वाजवायचं कशाला?”

अप्पांनी तिसरी फोड संपवून बिया बाजूला ठेवल्या आणि म्हणाले, “मला परवाच इथून आवाज आला होता.”

तेव्हा परसात कलिंगड लावणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं. कान नंतर लावा, आधी बाळी बघा.