एका गावाची तीन गावे

(तलासरी तालुक्यातील एका घराचा ओटा. सेवानिवृत्त अव्वल कारकून असलेले मामा संगणकासमोर बसले आहेत. संख्याशास्त्राची पदवी घेतलेली भाची शेजारी चिकू सोलते आहे.)

मामा : नोव्हेंबर २०१८ पासून या डहाणू-तलासरीच्या भूमीला कंपनाचे जे व्यसन जडले आहे, त्याची फेरिस्त ठेवण्यासाठी, पाच मौजे गुणिले बारा महिने अशी साठ कलमे आणि दर कलमास सात ओळी या हिशेबाने, मी चारशेवीस ओळींचा प्रोग्राम स्वहस्ते सिद्ध केला आहे!

भाची : मामा, हा आकडा चारचौघांत सांगू नका.

मामा : थट्टा नको. दोष दाखव.

भाची : दर कलमात तुम्ही सारी यादी चाळता, धुंदलवाडीचा जानेवारी वेचता, आणि फेब्रुवारीसाठी पुन्हा पहिल्या ओळीवर येता. घोलवडच्या वाडीत चिकूची प्रतवारी करणाऱ्या गड्याने मोठ्या फळांसाठी एकदा सारा ढीग उपसला, मध्यमांसाठी पुन्हा आणि बारक्यांसाठी तिसऱ्यांदा, तर बागायतदार त्याला दुपारपर्यंत तरी ठेवील का? फळ एकदाच हाती घ्यावे आणि ज्याच्या त्याच्या करंडीत टाकावे.

मामा : तेच काम पुन्हा करणे, यालाच आम्ही हयातभर रुजुवात म्हणत आलो.

भाची : मग मार्चमध्ये दापचरीला जितके धक्के, तंतोतंत तितकेच वंकासला कसे? कलमाची नक्कल केलीत आणि आतले नाव बदलायचे राहिले.

मामा : (चष्मा पुसत) एकाच उपविभागातील गावे, समसमान वाटप झाले असेल.

भाची : आणि ही तीव्रतेची सरासरी? रिश्टरचा एक अंक वाढला की ऊर्जा सुमारे बत्तीस पट होते. फेब्रुवारी २०१९ मधल्या त्या ४.१ च्या शेजारी २.१ बसवून तुम्ही ३.१ काढता, म्हणजे हत्ती आणि मुंगी मिळून सरासरी शेळी! गावागणिक संख्या आणि सर्वांत मोठा धक्का, एवढे पुरे.

मामा : बरे, तुझी करंडी दाखव.

भाची : ज्या 'आर' भाषेत तुम्ही हे लिहिले, तिच्यातच 'अ‍ॅग्रिगेट' नावाचे फंक्शन आहे. गाव आणि महिना सांगितला की गोषवारा एका ओळीत. ऑकलंडच्या रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी ही भाषा रचली. दोघांचे आद्याक्षर तिचे नाव.

मामा : दोन साहेबांत मिळून एक अक्षर! अशा काटकसरी माणसांकडून एकच ओळ निघायची.

(ओळ चालवली जाते. भाचीच्या हातातला चिकू तसाच राहतो.)

भाची : पाच गावांची सात कशी झाली?

मामा : (वाकून) धुंदलवाडी. धुन्दलवाडी. आणि पुन्हा धुंदलवाडी?

भाची : तिसऱ्याच्या शेवटी तुम्ही रिकामी जागा सोडली आहे. तुमची कलमे पहिलीच धुंदलवाडी वेचत होती. बाकी दोन्हींचे धक्के साठही कलमांतून निसटत आले.

मामा : म्हणजे माझ्या चारशेवीस ओळींनी जे गाव एकसंध राखले, त्याची तुझ्या एका ओळीने तीन केली. आता त्यांना स्वतंत्र सज्जे, तीन तलाठी आणि तीन चावड्या मंजूर करून घेण्याचा प्रस्तावही तूच लिही.

(फडताळातली भांडी किणकिणतात. दोघे धावत अंगणात येतात.)

मामा : वेळ लिही, आधी वेळ लिही! आणि हा कोणत्या धुंदलवाडीत टाकू?