हंडीवरचे कोतवाल

डिसेंबर उजाडला की जपानी कचेऱ्यांत ‘बोनेन्काई’चे वारे वाहू लागतात. सरत्या वर्षाचा शीण विसरायची ही मेजवानी. अशा थंडीत ‘नाबे’सारखं दुसरं सुख नाही. टेबलाच्या मधोमध गॅसची छोटी शेगडी, तिच्यावर मातीचं भांडं, आत रटरटणारा रस्सा आणि भोवती पाच-सहा भुकेली माणसं. त्यांतला एक जण नाबे-बुग्यो निघतोच.

बुग्यो म्हणजे शोगुनच्या राज्यातले अंमलदार. १७१७ साली एदो शहराचा बुग्यो झालेला ओओका तादासुके न्यायनिवाड्यासाठी इतका गाजला, की पुढे त्याच्यावर टीव्ही मालिका निघाली. शोगुन गेले, बुग्यो गेले. हंडीवरचा अंमल तेवढा राहिला.

एरवी हा नाबे-बुग्यो गरीब गाय. मीटिंगमध्ये कुणाला ‘नाही’ म्हणणार नाही, साहेबापुढे कमरेत वाकेल. पण शेगडी पेटली, लांब काड्या हाती आल्या, की अंगात येतं. त्याला नेमलं कुणी, हे विचारायची सोय नाही. पाण्याला उकळी फुटायच्या आत कोंबूचं समुद्री शेवाळ बाहेर! हाकुसाई कोबीचे जाड पांढरे देठ आधी, हिरवी पानं मागाहून. शिइताके अळंबीवर कोरलेली चांदणी वरच्या बाजूला दिसली पाहिजे. शुनगिकूची पालेभाजी अगदी शेवटी, तीही क्षणभर. एखादा नवखा पोरगा हळूच तोफूच्या तुकड्याकडे काडी सरकवतो. “अजून नाही.” आवाज चढलेला नसतो, पण काडी जागच्या जागी थिजते. आपल्या पंगतीतले काका ‘अजून एक घ्याच’ म्हणून छळतात. हे महाशय घेऊ न देऊन छळतात. रस्श्यावर फेस आला की काढायला जाळीचा झारा दुसऱ्या कुणाच्या तरी हाती देतात. तोही बिचारा नोकरी लागल्यासारखा झारा फिरवत बसतो.

खरी कसोटी सुकियाकीला, म्हणजे मांसाच्या नाबेला. तोक्योवाला आधी तयार गोडसर रस ओततो. ओसाकावाला आधी मांस परतून त्यावर साखर नि सोया सॉस घालतो. एका टेबलावर हे दोघे आले, तर बाकीच्यांनी बिअर मागवून स्वस्थ बसावं. शिराताकीच्या शेवया मांसाला खेटल्या की मांस निबर होतं, यावर मात्र दोघांचं एकमत. कोन्याकू कंदवाल्यांच्या संस्थेने प्रयोग करून ही समजूत खोटी ठरवली आहे. पण शिराताकी कोन्याकूचीच, तेव्हा साक्षीदार आरोपीचाच भाऊ म्हणून अपील फेटाळलं जातं.

मला हा माणूस आवडतो. सगळ्यांच्या वाट्या भरताना त्याची स्वतःची रिकामीच राहते, आणि तो नसला की कोबीचा लगदा नि कोंबडी कच्ची, हेही तितकंच खरं. शेवटी उरलेल्या रस्श्यात तो भात घालतो, वरून फेटलेलं अंडं सोडतो, आच बंद करून झाकण ठेवतो, आणि झाकणावरून हात काढत नाही.

तेव्हा वाचकहो, हिवाळ्यात जपानला गेलात आणि नाबेचं आमंत्रण आलं, तर आपल्या काड्या आवरा, हुकूम सुटेपर्यंत वाटी हातात धरून बसा आणि शेवटच्या भातासाठी पोटात जागा ठेवा.