वेधशाळा

गणपती पाण्यात जाऊन दोन दिवस होत नाहीत, तोच ग्रुपवर एक एक्सेल शीट येऊन पडते. नाव: 'आरटीआर अंतिम 7'. आरटीआर म्हणजे राजगड-तोरणा-रायगड, आणि 7 म्हणजे याआधी सहा अंतिम होऊन गेले. पाठवणाऱ्याचं बारशाचं नाव काहीही असो, त्याला सगळे वेधशाळाच म्हणतात. वय पन्नाशीला टेकलेलं, नोकरी बँकेत, घर कोथरूडला नाहीतर डोंबिवलीला. असा एक नग प्रत्येक ट्रेकिंग ग्रुपमध्ये असतोच.

शीट मात्र बघण्यासारखी असते. गुंजवण्यातून चोरदरवाजाने राजगड, संजीवनी माचीच्या अळू दरवाजातून बाहेर, डोंगरधारेने तोरण्याची बुधला माची, पलीकडे उतरून मोहरी, मग बोराट्याच्या नाळेने लिंगाण्याच्या कुशीतून खाली कोकणात पाने गाव, आणि काळ नदी ओलांडून रायगड. पाणी कुठे मिळेल, कुठलं गाळून प्यायचं, पडवी कोणाची, सगळं आहे. शिध्याच्या रकान्यात लिहिलेलं असतं: 'मीठ: डबीत. पुडीत नको. मागचं आठवा.' मागचं कोणालाच आठवत नाही, कारण मागच्या वर्षीही कोणी गेलेलं नव्हतं.

रिकामा रकाना एकच. तारीख. तिथे लिहिलेलं असतं, 'हवामान बघून'.

आता सप्टेंबरात का नको, हे त्याच्याकडून ऐकावं. धारेवर गवत पुरुषभर वाढलेलं, त्यात वाट हरवते. नाळेतल्या धोंड्यांवर शेवाळ. काळ नदीला पाणी. यातलं एक अक्षर खोटं नाही, म्हणून तर वाद घालता येत नाही. सोनकी फुललीय, तेरडा फुललाय, डोंगर असे पुन्हा वर्षभर दिसायचे नाहीत, असं कोणी म्हणालंच तर तो शांतपणे विचारतो, "फुलं बघायचीत की रायगड?"

मग मान्सून परतायची वाट बघायची. 17 सप्टेंबरला पश्चिम राजस्थानातून निघतो, 8 ऑक्टोबरला मुंबई सोडतो. हवामान खात्याच्या या सर्वसाधारण तारखा त्याला सासऱ्यांच्या श्राद्धतिथीपेक्षा पक्क्या पाठ. जैसलमेरला सलग पाच दिवस पाऊस नाही, ही बातमी ग्रुपवर पेढे वाटावेत तशी येते. पण मान्सून निघाला म्हणजे पाऊस गेला असं नाही. परतीचा पाऊस आहेच. सकाळी आभाळ धुतल्यासारखं निळं, दुपारी तीनला काळंभोर, आणि विजा. "डोंगरधारेवर सगळ्यात उंच वस्तू कोण? आपण!" हेही खरंच. विजा थांबल्या की दोनच दिवसांत तो जाहीर करतो की ऑक्टोबर हीट सुरू झाली, आता माणशी पाच लिटर पाणी लागेल, वजन कोण वाहणार?

मोबाइलवर हवामानाची तीन ॲप. तिघांचं एकमत झालेलं कोणी पाहिलेलं नाही. लवाद म्हणून तो शेवटी आईचं पंचांग काढतो. हस्ताचं वाहन बेडूक किंवा म्हैस निघालं की खलास. विज्ञानाची पदवी भिंतीवर, म्हैस पंचांगात, आणि माणूस दोन्हींच्या मधे.

एवढं करून खात्री म्हणून मोहरीच्या मामांना फोन. स्पीकरवर, म्हणजे सगळ्यांना ऐकू यावं.

"मामा, पाऊस कसा आहे?"

"हाय की."

"किती? म्हणजे साधारण किती मिलिमीटर?"

मामा जरा थांबतात. "गुरं आत बांधल्यात."

"उघडेल कधी?"

"भात पिवळं झालं की या. पर तवा आमी कापणीत, जेवायला घालाया कोन न्हाई."

वेधशाळा हे सगळं टिपून घेतो. शीटमध्ये मामांच्या नावापुढे 'अनिश्चित' असा शेरा पडतो. माझ्या मते एवढा नेमका अंदाज तिन्ही ॲपनी मिळूनही दिलेला नसतो.

त्यात घरचं हवामान वेगळंच. पितृपक्षात लांबचा प्रवास नको, नवरात्रात घट, दसऱ्याला सोनं वाटायला घरी हवा. कोजागिरीचं चांदणं तोरण्यावरून बघायचं, हे त्याचं जुनं स्वप्न. पण सोसायटीच्या मसाला दुधाची जबाबदारी त्याच्याकडे. (केशर किती, बदाम किती, याचीही शीट आहे.) पुढे दिवाळी. विषय संपला.

गंमत म्हणजे हा मनुष्य एकदा खरोखर गेलेला आहे. विशीत, भर पावसात, कॅनव्हासच्या पिशवीत चिवडा कोंबून, कोणालाही न विचारता. वाट चुकला, नाळेत घसरला, काळ नदीकाठी पाणी उतरेपर्यंत उपाशी बसून राहिला. शीटमधली प्रत्येक सूचना त्या एका मूर्खपणातून आलेली आहे, आणि म्हणूनच ती इतकी अचूक आहे.

याचा फायदा घेतात ग्रुपमधली कॉलेजची पोरं. ती एका रात्री शीट उतरवून घेतात, पहाटे एसटी पकडतात आणि चार-पाच दिवसांनी रायगडावरून, जगदीश्वरासमोरचा फोटो टाकतात. अंगठ्यांचा पाऊस पडतो. वेधशाळेचा एकच प्रश्न येतो, "नाळेत शेवाळ होतं ना?"

"होतं काका. तुम्ही लिहिलंय तसं डाव्या अंगाने उतरलो."

"मीठ?"

"डबीत."

यानंतर तो बराच वेळ टाइप करतोय असं दिसत राहतं. येतं मात्र एवढंच: 'नशीब तुमचं.' आणि पाठोपाठ 'अंतिम 8'. त्यात सुधारणा एकच, मामांचा नवा फोन नंबर.

तुमच्या ग्रुपमध्ये असा कोणी असेल तर त्याची चेष्टा जरूर करा, पण शीट उतरवून घ्यायला विसरू नका. मोहरीच्या अलीकडचं पिण्याचं पाणी त्याच्याइतकं कोणाला ठाऊक नसतं. फक्त तारीख तेवढी त्याला विचारू नका.