सेफ्टीकाका

लग्नमंडपात अक्षता पडण्यापूर्वी विजेच्या तारा तपासणारे, आणि आरतीच्या वेळी कापुराचे तबक पडद्यापासून किती हात दूर धरावे याचे लेखी फर्मान मंडळाच्या फलकावर डकवणारे गृहस्थ वाचकांना निराळे सांगावयास नकोत. प्रत्येक वसाहतीत त्यांची एक प्रत असतेच. आमची प्रत भिलाईची, म्हणजे अस्सल. पोलाद कारखान्याच्या सुरक्षा खात्यात हयात घालवल्यामुळे मनुष्यप्राण्याचा नैसर्गिक कल अपघाताकडेच असतो हा सिद्धान्त सेफ्टीकाकांच्या ठायी असा मुरला आहे, की निवृत्तीनंतरही त्यांच्या खिशातली ‘निअर मिस’ची वही सुटलेली नाही. इजा झाली तर अपघात. होता होता टळली तर निअर मिस. आणि निअर मिस नोंदवला नाही, तर तो पुन्हा येतो आणि या खेपेस इजा बरोबर घेऊन येतो. सबब काकू ओल्या फरशीवर घसरता घसरता सावरल्या, की काका प्रथम वही काढतात, वेळ, स्थळ, कारण व उपाय लिहितात, आणि चहाला आलेल्या इसमाची साक्षीदार म्हणून सही घेतात. मी त्यांच्याकडे चहाला फार वेळा गेलो आहे.

अशा पुरुषाच्या हाती आमच्या मंडळींनी गुलमर्गच्या सहलीचा कारभार सोपवला. सहल फेब्रुवारीत, व्याख्याने मे महिन्यापासून. बाहेर पारा ४५ अंशांना टेकलेला, कूलर गरम वारा ओकतो आहे, आणि काका आम्हांस बजावीत आहेत, की सुती मोजा घामाने भिजला की वैरी होतो, म्हणून लोकरी घ्या. ताजे बर्फ अतिनील किरणांपैकी ८० टक्क्यांपर्यंत परत फेकते, म्हणून काळा चष्मा डोळ्यांवरून उतरवू नका. बोटे बधिर झाली तर ती बर्फाने चोळू नका, काखेत धरून ऊब द्या. घामाने निथळणारे श्रोते माना डोलवीत होते, ती संमती होती की ग्लानी, हे सांगणे कठीण.

गुलमर्गला, सुमारे २६५० मीटर उंचीवर, वहीला बहर आला. उतारावर पुढे असलेल्याचा अधिकार पहिला आणि मागून येणाऱ्याने त्याला चुकवून जावयाचे, हा स्कीच्या खेळाचा जगन्मान्य दंडक. त्याचप्रमाणे थांबावयाचे ते कडेला, मधोमध नव्हे. एक नवविवाहित जोडपे नेमके मधोमध छायाचित्र काढीत उभे राहिले: निअर मिस. काकूंची स्लेज ओढणाऱ्याच्या हातून दोरी सुटली: निअर मिस. आणि अखेर खुद्द काका, स्कीची टोके जवळ आणि मागची बाजू फाकवून वेग आवरण्याची विद्या तोंडाने म्हणत म्हणत, सर्वांगाने उताणे झाले. आम्ही धावलो, तो त्यांनी पडल्या पडल्याच हात वर करून आम्हांस थांबवले, पेन मागितले, आणि आकाशाकडे तोंड करून कारण लिहिले: ‘पडताच बुटावरची पकड सुटावयास हवी, ती सुटली नाही, भाड्याने देणाऱ्याने वजन विचारले नव्हते.’ सही अर्थातच माझी.

त्या रात्री भरपूर बर्फ पडले. सकाळी आमच्यातले दोघे तरुण अभियंते गोंडोलाने अफरवटला जाऊन आखलेल्या वाटेबाहेरच्या कोऱ्या बर्फातून खाली येण्याच्या बेतात होते. काकांनी दारच अडवले. नवे बर्फ, ३० ते ४५ अंशांचा चढ, वर निघालेले ऊन, हिमस्खलनाला याहून निराळे आमंत्रण लागत नाही. गाडल्या गेलेल्या माणसाची आशा पहिल्या पंधरा मिनिटांनंतर झपाट्याने मावळते. शेवटी ते म्हणाले, “२२ फेब्रुवारी २०२४ ला इथेच खिलनमर्गच्या बाजूला एक रशियन स्कीपटू हिमस्खलनात गेला. १९५५ च्या भिलाईच्या करारानंतर ज्यांनी आपल्याला पोलाद शिकवलं त्यांचा हा देशबांधव. बर्फ त्यांना आपण शिकवायचं का? आणि तुम्ही तर दुर्गचे!” तरुण गेले नाहीत. त्या दिवशी अफरवटवर काहीही घडले नाही, आणि हे सायंकाळपर्यंत काकांना सर्वांनी ऐकवले.

ते ऐकताना मला त्यांचा निरोपसमारंभ आठवला. त्या दिवशी वक्त्यांनी कारखान्याने किती टन पोलाद ओतले याचा हिशेब मांडला, शाल दिली, नारळ दिला. न झालेल्या अपघातांचा रकाना कोणत्याही वार्षिक अहवालात नसतो, त्यामुळे काकांच्या चाकरीविषयी सांगण्यासारखे कोणापाशीच काही नव्हते, आणि ते नसणे हीच त्यांची कमाई होती.

रात्री आमचा स्की शिकवणारा काश्मिरी मुलगा आला. दिवसभर वहीला हसणाराच तो. फिरनाच्या आत निखाऱ्यांची कांगडी धरून बराच वेळ बसला आणि मग म्हणाला, “अंकल, एक माझंही लिहा.” मागे एका हिवाळ्यात वरच्या उतारावर तो आणि त्याचा दोस्त चालत असताना पायांखाली धप्प असा दबका आवाज झाला आणि बर्फात लांबवर तडा गेला. दोघे हसले, कोणाला बोलले नाहीत. दोन दिवसांनी दोस्त त्याच उतारावर एकटा गेला.

काकांनी लिहिले ते पहिल्या दिवसाचे. वेळ विचारली, मुलाला आठवेना. उपायाच्या रकान्यात ‘त्याच दिवशी खाली सांगणे’ एवढे लिहून त्यांनी वही माझ्यापुढे सरकवली.

“काका, मी तिथे नव्हतो.”

“जे दोघे होते त्यांतला एक समोर बसला आहे. दुसऱ्याच्या जागी करा.”