पोट घासतंय!

गाडी घेतल्याचं मी फक्त चौघांना सांगितलं. बाकीच्यांना आपोआप कळावं म्हणून ती आठवडाभर सोसायटीच्या फाटकाशी आडवी लावून ठेवली. लाल, दोन माणसांची बॉक्स्टर, 2007 सालची. मी तिचा तिसरा मालक. माझं वय चोपन्न, गुडघ्यांचं जरा जास्त. या गाडीत बसत नाहीत, विहिरीत उतरावं तसं उतरतात. वर येताना उजवा हात रस्त्यावर टेकायचा, आणि कुणी बघत असेल तर काहीतरी पडलंय असं शोधत राहायचं.

वॉचमन म्हणाला, "साहेब, इंजिन दाखवा की." पुढचं झाकण उघडलं, आत डिकी. मागचं उघडलं, तिथंही डिकी. त्यानं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की मला फसवलंय हे त्याला माझ्याआधी कळलं असावं. इंजिन मध्ये असतं, सीटच्या मागे. आडव्या सिलिंडरचं, बॉक्सर म्हणतात ते. बॉक्सर आणि रोडस्टर मिळून बॉक्स्टर, असं मी ऐटीत सांगितलं. "मग दुरुस्तीला हात कुठून घालायचा?" हे मी घेण्याआधीच विचारायला हवं होतं.

रविवारी पहाटे साडेपाचला पुण्याच्या चांदणी चौकात आम्हा असल्या गाडीवाल्यांचा ग्रुप जमतो. तिथं आडनावं चालत नाहीत. एक झेडफोर, एक टीटी, एक पिवळी. मी 'बॉक्स्टर काका'. बॉक्स्टर ठीक होतं. ताफ्याच्या शेवटी राहण्याचा मान मला मिळाला, तेव्हा मी सुखावलो; जो नाहीतरी मागेच पडतो त्याला तो देतात, हे नंतर कळलं.

मागे पडण्याचं कारण गतिरोधक. या विषयावर मला थांबवू नका. इंडियन रोड्स काँग्रेस नावाची संस्था आहे (ही काँग्रेस निवडणुका लढवत नाही). तिनं 1988 साली सांगितलं, की गोलसर गतिरोधक 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटीमीटर उंच असावा, त्याचा गोलावा 17 मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा, म्हणजे ताशी 25 किलोमीटरनं गाडी सुखरूप जाते. किती सुंदर कल्पना! पौडच्या पुढे मात्र प्रत्येक गावाची भूमिती स्वतंत्र. कुठं वरवंटा पुरल्यासारखा, कुठं उरलेलं सिमेंट संपवल्यासारखा. मी गाडी तिरकी घालतो, एकेक चाक चढवतो, श्वास रोखतो. बायको खाली उतरून पुढे चालते आणि वाकून बघते. "पोट घासतंय!" ती ओरडते. कुणाचं, ते सांगत नाही.

ताम्हिणीच्या अलीकडे एका वाडीपाशी आम्ही असेच अडकलो. पुढचं चाक पलीकडे, मागचं अलीकडे, मधे अडीचशेच्या पुढे पळू शकणारी गाडी. "हा कुठल्या शहाण्यानं बांधलाय?" मी पुटपुटलो.

"आम्हीच," कडेला बसलेले आजोबा म्हणाले. "मागल्या पावसाळ्यात आमची गाभण म्हस उडवली एका पिवळ्या गाडीनं. रविवारचीच. थांबलीबी न्हाई. रातभर वरडत व्हती."

पुण्यात पिवळ्या गाड्या पुष्कळ आहेत. पण मागल्याच पावसाळ्यात आमच्या पिवळीचा बंपर बदलला होता. दरडीचा दगड लागला, असं तो म्हणाला होता; आणि आम्ही सगळ्यांनी मिसळ खाता खाता त्या दगडाला मनसोक्त शिव्या दिल्या होत्या. सर्वांत मोठ्या आवाजात मी.

"आमची लाल आहे," मी आजोबांना म्हणालो.

त्यांनी यावर काही न बोलता दोन पोरांना हाक मारली. गोठ्यातल्या फळ्या आल्या, चाकांखाली गेल्या, गाडी सुटली. पैसे पुढे केले तर आजोबांनी घेतले नाहीत.

मिसळीच्या टपरीवर पिवळीवाला हसत म्हणाला, "काका, आज पण पोट घासलं का?" मी "हो" म्हणालो आणि जास्तीचा पाव मागवला. बायको अजून बसली नव्हती. ती पिवळीच्या बंपरशी उभी होती.

"तो दगड," तिनं तिथूनच विचारलं, "नक्की कुठल्या गावाजवळ लागला होता हो तुम्हाला?"